पिंग सलग येतो, तरी स्काडा दिवसातून पाच-सहा वेळा पीएलसीपासून तुटतो

रात्रपाळी_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी. अकरा दिवस झाले, एकाच दुखण्याच्या मागे आहे आणि आता डोकं चालेनासं झालंय. जमेल तेवढं नीट लिहितो.

एक पीएलसी (लाइन चालवणारा कंट्रोलर), त्याच पॅनेलच्या दारावर एचएमआय (ऑपरेटरचा पडदा), चार व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आणि एक रिमोट आयओ (लांबचे सिग्नल गोळा करणारं युनिट). पॅनेलमध्येच मॅनेज्ड स्विच (लॉगिन करून सेटिंग आणि आकडे बघता येतात असा). तिथून साधारण सत्तर मीटर केबल कंट्रोल रूममधल्या स्काडाच्या (सगळी लाइन पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) पीसीपर्यंत. प्रोटोकॉल मॉडबस टीसीपी (पीएलसीतले आकडे नेटवर्कवरून विचारायची भाषा), पोर्ट ५०२ (हा सॉफ्टवेअरमधला क्रमांक, स्विचवरचा पोर्ट नव्हे). पीएलसी १९२.१६८.१०.१०, एचएमआय शेवटी २०, ड्राइव्ह ३१ ते ३४, रिमोट आयओ ४०, स्काडा ५०. सबनेट मास्क सगळीकडे २५५.२५५.२५५.०, एकेक करून स्वतः तपासलाय.

होतं असं, की स्काडाच्या पडद्यावरचे सगळे आकडे एकदम जातात आणि जागोजागी प्रश्नचिन्हं येतात. बहुतेक वेळा वीस-तीस सेकंदांत परत येतात. दिवसातून पाच-सहा वेळा तरी हे होतं. पण दोन दिवसांतून एकदा असं तुटतं की परत येतच नाही. मग पीएलसीचा सप्लाय बंद-चालू करावा लागतो, म्हणजे लाइन थांबवावी लागते. लाइन पुन्हा रुळावर यायला चाळीस मिनिटं जातात आणि प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे असतात.

या सगळ्या काळात एचएमआय व्यवस्थित चालू असतो. स्काडाच्या पीसीवरून पीएलसीला पिंग (‘आहेस का?’ विचारून उत्तर घेणारं छोटं पॅकेट) लावून ठेवलाय, तोही सलग येतो. रात्रभर ठेवला होता, एकही हरवला नाही.

आतापर्यंत सत्तर मीटरची केबल दोनदा बदलली, दुसऱ्यांदा कॅट ६ टाकली. दोन्ही टोकं नव्याने क्रिंप केली. पीसीचं फायरवॉल बंद करून पाहिलं. नेटवर्क कार्डाचं पॉवर सेव्हिंग काढलं. स्काडाच्या लॉगमध्ये छोट्या तुटण्याला ‘रिस्पॉन्स टाइमआउट’ येतं आणि मोठ्या तुटण्याला ‘कनेक्शन नाकारलं’ असं येतं. टाइमआउट ५०० मिलिसेकंद आहे.

पीएलसीचं कार्डच खराब असेल का? बदलायचं म्हटलं तर वरिष्ठांना कारण सांगावं लागेल, आणि माझ्याकडे कारण नाही.

लॅडर_लॉजिक

चार व्हीएफडी एकाच पॅनेलमध्ये आहेत म्हणजे आधी नॉइज (ड्राइव्हमुळे केबलमध्ये शिरणारा विजेचा अडथळा) बघा. मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून इथरनेट ओढली असेल तर असंच होतं. शील्ड असलेली केबल टाका आणि पॉवरची केबल जिथे ओलांडायची असेल तिथे काटकोनात ओलांडा. माझ्याकडे एका ठिकाणी मोठा ड्राइव्ह स्टार्ट झाला की रिमोट आयओ जायचा, ट्रे वेगळा केल्यावर थांबलं.

कमिशनिंगवाला

दादा, आधी पीएलसीला हात लावू नका, आणि कार्डही मागवू नका. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. लॉगमध्ये दोन वेगवेगळे संदेश आहेत. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि बहुधा एकातून दुसरं उद्भवतंय.

‘रिस्पॉन्स टाइमआउट’ म्हणजे विचारलं, पण ५०० मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही. ‘कनेक्शन नाकारलं’ याचा अर्थ पूर्ण वेगळा. तिथे समोरून उत्तर येतंय! पीसी जोडणी मागतो आणि पीएलसी रीसेटचं पॅकेट पाठवून ‘नाही’ म्हणतो. म्हणजे त्या क्षणी केबल शाबूत आहे, स्विच शाबूत आहे, पीएलसीचं नेटवर्क जागं आहे. फक्त त्याच्याकडे नव्या पाहुण्याला जागा नाही. कुठल्याही पीएलसीला एका वेळी ठरावीक मॉडबस कनेक्शनं झेपतात. किती, ते मॅन्युअलमध्ये असतं.

एचएमआय का चालू राहतो, तेही यातच येतं. त्याचं कनेक्शन सकाळी एकदा जोडलं गेलंय, ते तुटलेलंच नाही. तो जागा धरून बसलाय. पिंगला तर जागाच लागत नाही. पिंग टीसीपीमधून, म्हणजे आधी कनेक्शन जोडून बोलायच्या पद्धतीतून, जातच नाही, त्यामुळे सगळ्या जागा भरल्या तरी पिंग येत राहील. पिंग आला म्हणजे आयपी पत्त्यापर्यंत वाट आहे, एवढंच कळतं. पोर्ट ५०२ वर काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं.

तर एवढं करा, आणि आकडे इथे टाका.

स्काडा नीट चालू असताना पीएलसीच्या डायग्नॉस्टिक पानावर उघडी कनेक्शनं किती आणि कुठल्या पत्त्यांची, ते बघा. त्याच मिनिटाला स्काडाच्या पीसीवर कमांड प्रॉम्प्टमधून नेटस्टॅट (उघडी कनेक्शनं दाखवणारी कमांड) चालवा आणि ५०२ ची कनेक्शनं मोजा. दोन्ही बाजूंचा हिशेब जुळायला हवा.

स्विचमध्ये लॉगिन करून प्रत्येक पोर्टचे एरर काउंटर बघा: सीआरसी (बिघडून आलेली पॅकेटं), फ्रॅगमेंट (अर्धवट तुकडे) आणि लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर). त्यासोबत प्रत्येक पोर्टचा वेग आणि डुप्लेक्स (फुल म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात, हाफ म्हणजे आळीपाळीने). मॅनेज्ड स्विच आहे म्हणून हे फुकटात मिळतंय. अनमॅनेज्ड असता तर आपण आंधळे असतो.

आणि तिसरं, गेल्या महिन्याभरात काय काय बदललं? ‘काहीच नाही’ असं उत्तर देण्याआधी शटडाउनचं रजिस्टर उघडून बघा.

लॅडर_लॉजिक यांचा सल्ला चुकीचा नाही. पण नॉइज असेल तर त्याला वेळ असते. ड्राइव्ह चालू-बंद होण्याशी ते जुळतं. जुळतं का, तेही सांगा.

रात्रपाळी_मेंटेनन्स

कमिशनिंगवाला सर, मनापासून आभार. रजिस्टर उघडलं आणि लाजच वाटली. तीन आठवड्यांपूर्वीच्या शटडाउनमध्ये जुना अनमॅनेज्ड स्विच काढून हा नवा बसवला. काम कंत्राटदाराने केलं, मी तेव्हा दुसऱ्या पाळीत होतो. त्याच आठवड्यात स्काडाच्या पीसीवर रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर घातलं, तेही थेट पीएलसीतूनच दर सेकंदाला १२० रजिस्टर (पीएलसीतले आकड्यांचे कप्पे) वाचतं. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, पण या त्रासाशी जोडून पाहिल्या नव्हत्या.

नॉइजचं बोलायचं तर रविवारी चारही ड्राइव्ह पूर्ण बंद होते, तरी स्काडा चार वेळा तुटला.

आता आकडे. पीएलसीत जागा ८. सध्या ६ भरलेल्या: एक एचएमआयची, पाच स्काडाच्या पीसीच्या. नेटस्टॅटमध्ये मात्र पीसीकडून दोनच दिसतात, एक स्काडाचं आणि एक रिपोर्टिंगचं. म्हणजे तीन कनेक्शनं पीएलसीच्या मते उघडी आहेत आणि पीसीच्या मते अस्तित्वातच नाहीत.

स्विचवर पोर्ट ३ सोडून सगळीकडे एरर शून्य. पोर्ट ३ वर सीआरसी ४१,३८७ आणि फ्रॅगमेंट १,२०६. लेट कोलिजन शून्य. पोर्ट ३ वर पीएलसी आहे, दीड मीटरच्या पॅच कॉर्डने. मी सत्तर मीटरची केबल बदलत बसलो, तिच्या पोर्टवर एकही एरर नाही!

पोर्ट ३ आणि ४ ‘१०० फुल, फिक्स’ असे आहेत. बाकीचे ऑटो. पोर्ट ४ रिकामा आहे. पीएलसीच्या पानावर मात्र ‘१०० हाफ’ दिसतंय आणि त्याच्याकडे लेट कोलिजनचा आकडा वाढतोय. फिक्स केलेला पोर्ट तर चांगला ना? कंत्राटदाराच्या कागदावर ‘स्थिरतेसाठी’ असं लिहिलंय.

कमिशनिंगवाला

सापडलं. हा डुप्लेक्सचा बेबनाव आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण तो ‘स्थिरतेसाठी’ शब्द मी खूप ठिकाणी वाचलाय आणि त्यापायी चांगली माणसं रात्र-रात्र जागताना पाहिली आहेत.

ऑटो निगोशिएशनमध्ये दोन्ही टोकं एकमेकांना आपल्याला काय जमतं ते सांगतात. तुम्ही एक टोक फिक्स केलंत की ते टोक सांगणं बंद करतं. दुसरं टोक, म्हणजे तुमचा पीएलसी, ऑटोवर वाट बघत असतो. समोरून काही सांगितलं जात नाही, तेव्हा तो तारेवरच्या सिग्नलवरून वेग ओळखतो. १०० आहे हे त्याला कळतं. पण डुप्लेक्स सिग्नलवरून कळत नाही, आणि अशा वेळी हाफ धरायचं असं मानकच सांगतं. पीएलसी नियमाप्रमाणेच वागलाय. त्याच्यात काहीही बिघाड नाही.

आता स्विच समजतो की आपण केव्हाही बोलू शकतो. पीएलसी समजतो की समोरचा बोलत असताना आपण बोलायचं नाही. पीएलसी उत्तर पाठवत असताना स्विचने मध्येच एखादी फ्रेम, म्हणजे तारेवरचं पॅकेट, टाकली, की पीएलसीला ती टक्कर वाटते. तो आपली फ्रेम अर्ध्यात तोडतो. ती अर्धवट फ्रेम स्विचकडे सीआरसी किंवा फ्रॅगमेंट म्हणून मोजली जाते, तुमचे ४१ हजार तेच. आणि स्विचने टाकलेली फ्रेमही गेली, कारण पीएलसीने ती घेतलीच नाही. स्विचला हे कळतही नाही, फुल डुप्लेक्समध्ये टक्कर नावाची गोष्टच नसते. म्हणून त्याच्याकडे लेट कोलिजन शून्य आणि पीएलसीकडे वाढते. एका बाजूला सीआरसी आणि दुसऱ्या बाजूला लेट कोलिजन अशी जोडी दिसली, की मी केबल टेस्टर पिशवीतून बाहेरही काढत नाही.

पिंग का वाचतो? पिंगमध्ये पाळी असते. पीसी विचारतो, थांबतो, पीएलसी उत्तर देतो. दोघं एका वेळी बोलतच नाहीत, मग टक्कर कशी होणार? त्यात ३२ बाइटचा पिंग तारेवर जेमतेम काही मायक्रोसेकंद असतो. एचएमआय एकटाच विचारत होता तेव्हाही जवळपास पाळीनेच चाललं असतं. आता एचएमआय, स्काडा, रिपोर्टिंग असे तीन जण एकमेकांची वाट न बघता विचारतात. १२० रजिस्टरचं उत्तर म्हणजे मॉडबसचेच २४९ बाइट, वर टीसीपी, आयपी आणि इथरनेटचं ओझं. पीएलसी ते एकाला पाठवत असतानाच दुसऱ्याचा प्रश्न येऊन धडकतो. खात्री करायची असेल तर स्काडा आणि रिपोर्टिंग चालू ठेवून लॅपटॉपवरून १४०० बाइटचा पिंग सलग लावा. तो गळेल.

आता अडकलेल्या जागा. पॅकेट हरवलं की टीसीपी ते परत पाठवतो, पण काही शे मिलिसेकंद थांबून, आणि लागोपाठ हरवलं तर दर वेळी दुप्पट थांबून. दोनदा हरवलं की तुमचे ५०० मिलिसेकंद संपले. मग स्काडा ते कनेक्शन सोडून देतो आणि नवं जोडतो. तुमचं सॉफ्टवेअर सोडताना बहुतेक रीसेट पाठवत असावं. रीसेटची अडचण अशी की त्याची पोच कुणी देत नाही आणि हरवला तर तो पुन्हा पाठवला जात नाही. प्रश्नही हरवला आणि मागोमाग रीसेटही हरवला, की पीएलसीच्या बाजूला कनेक्शन तसंच उघडं राहतं. त्याला पाठवायचं काही बाकी नसतं, म्हणून पलीकडे कुणी उरलं नाही हे कळायचा मार्गच नसतो. तो ऐकत बसतो. अशी आठवी जागा भरली की ‘कनेक्शन नाकारलं’. सप्लाय बंद-चालू केल्यावर सगळ्या जागा मोकळ्या होतात, म्हणून तुम्हाला वाटलं पीएलसी आजारी आहे.

आता उपाय, आणि एका वेळी एकच. आज फक्त पोर्ट ३ ऑटोवर आणा, स्विचमध्ये सेव्ह करा, काउंटर शून्यावर आणा. लिंक क्षणभर पडेल, त्यामुळे लाइन चालू असताना करू नका. ड्राइव्हना कम्युनिकेशन तुटल्यावर थांबायची सेटिंग असेल तर चारही मोटरी थांबतील. पीएलसीच्या पानावर ‘१०० फुल’ दिसलं पाहिजे. मग चोवीस तास काहीही करू नका, नुसते आकडे लिहून ठेवा.

फिक्स ठेवायचंच असेल तर दोन्ही टोकं सारखी फिक्स करावी लागतात. पण उद्या पीएलसी बदलला, नवा ऑटोवर आला, की हेच दुखणं परत. मी आजच्या उपकरणांना दोन्हीकडे ऑटोच ठेवतो.

टॅग_आणि_ट्रेंड

कमिशनिंगवाल्यांनी मूळ सांगितलंच आहे. मी स्काडाच्या बाजूने थोडी भर घालते, कारण पोर्ट ऑटो झाला तरी तुमची पोलिंगची (पीएलसीला पुन्हा पुन्हा विचारण्याची) मांडणी मला नाजूक वाटते.

रिपोर्टिंगने थेट पीएलसीतून वाचायची गरज आहे का? स्काडा तेच आकडे आधीच आणतोय. त्याच्या डेटाबेसमधून किंवा ओपीसी यूए सर्व्हरमधून (इतर सॉफ्टवेअरला आकडे देणारा) घेतले तर पीएलसीवरची एक जागा आणि दर सेकंदाचा एक मोठा प्रश्न वाचतो. पीएलसीला जितके कमी जण थेट विचारतील तितकं बरं.

दुसरं म्हणजे टॅग (स्काडातले एकेक आकडे) पीएलसीत विखुरलेले असतील तर स्काडाचा ड्रायव्हर वीस-पंचवीस छोटे प्रश्न बनवतो. मॉडबसमध्ये एका वाचनात १२५ रजिस्टर मिळतात. स्काडाला लागणारे आकडे पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये एका सलग भागात कॉपी करून ठेवा, मग एक-दोन प्रश्नांत सगळं येतं. मी हे प्रत्येक कामात करते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सुरुवातीलाच करून दिलं तर पुढची कितीतरी वर्षं सगळ्यांचं भलं होतं.

आणि पीएलसीच्या मॉडबस सर्व्हरमध्ये आयडल टाइमआउट (ठरावीक वेळ गप्प असलेलं कनेक्शन तोडायची सेटिंग) किंवा कीप अलाइव्ह (पलीकडे कुणी आहे का हे अधूनमधून विचारायची) आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी तो शून्य, म्हणजे बंद असतो. साठ सेकंद ठेवा. स्काडा दर सेकंदाला विचारतो, त्यामुळे चालू कनेक्शन कधीच साठ सेकंद गप्प नसतं. अनाथ झालेलं मात्र सुटेल.

वायरशार्क (तारेवरची पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावणार असाल तर लॅपटॉप नुसता रिकाम्या पोर्टमध्ये घालून उपयोग नाही. स्विच दुसऱ्यांचं बोलणं तुमच्याकडे पाठवत नाही. पोर्ट ३ चं मिररिंग (सगळ्या पॅकेटांची नक्कल) पोर्ट ४ वर करा आणि ५०२ चा फिल्टर लावा.

नवीन_ट्रेनी

मध्येच विचारतोय, माफ करा. माझ्याकडे थोडं वेगळं आहे. पिंगच तुटतो. पाच-दहा मिनिटं येतो, मग दोन मिनिटं जातो, परत येतो. पीएलसीची केबल काढली तरी कधीकधी पिंग येतच राहतो! हे कसं शक्य आहे?

कमिशनिंगवाला

केबल काढल्यावरही पिंग येतो म्हणजे उत्तर दुसरंच कुणीतरी देतंय. तोच आयपी पत्ता दुसऱ्या उपकरणाला दिलाय. पिंग येत असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपीचा तक्ता (कुठला आयपी कुठल्या मॅकचा ते दाखवणारा) काढ आणि त्या पत्त्यासमोरचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा कारखान्यातूनच येणारा क्रमांक, लिहून घे. तुटून परत आल्यावर पुन्हा काढ. दोन वेगळे मॅक दिसले की झालं. मॅकच्या पहिल्या तीन बाइटवरून बनवणारी कंपनी कळते, म्हणजे शोधायचं काय, प्रिंटर की ड्राइव्ह, हे ठरतं. नंतर मॅनेज्ड स्विचच्या मॅक तक्त्यात तो कुठल्या पोर्टवर आहे ते बघ. कुणाचाही पत्ता घाईत बदलू नकोस, आधी दोन्ही उपकरणं कोणती ते कागदावर येऊ दे.

रात्रपाळी_मेंटेनन्स

सात दिवसांनी लिहितोय, मुद्दाम थांबलो होतो.

आधी १४०० बाइटचा पिंग लावला. स्काडा आणि रिपोर्टिंग चालू असताना शंभरात तीन-चार हरवत होते. दोन्ही बंद केल्यावर एकही नाही. ते बघून सगळं मनात पक्कं बसलं.

सोमवारी पाळी बदलताना लाइन थांबली तेव्हा पोर्ट ३ ऑटोवर आणला. पीएलसीच्या पानावर लगेच ‘१०० फुल’. काउंटर शून्य केले. पहिल्या चोवीस तासांत सीआरसी शून्य, फ्रॅगमेंट शून्य, स्काडा एकदाही तुटला नाही. तरी अडकलेली तीन कनेक्शनं तशीच होती, ती आपोआप जाणार नव्हतीच. बुधवारी टॅग_आणि_ट्रेंड ताईंनी सांगितल्याप्रमाणे आयडल टाइमआउट पाहिला, खरंच शून्य होता. साठ सेकंद केला, तीनही सुटली. सध्या ८ पैकी ३ जागा भरलेल्या असतात. मुद्दाम स्काडाच्या पीसीची केबल ओढून पाहिली: पीएलसीकडे दोन कनेक्शनं मिनिटभर राहिली, मग गेली. परत जोडल्यावर स्काडा स्वतःहून आला, पीएलसीला हात लावावा लागला नाही.

रिपोर्टिंग स्काडाच्या डेटाबेसवर घ्यायचं ठरलंय, पुढच्या शटडाउनला. सलग रजिस्टरचं काम प्रोग्रॅमरकडे दिलंय.

कॅट ६ केबल तशीच राहू देतो. कार्डाची मागणी मागे घेतली आणि वरिष्ठांना पोर्ट ३ चे आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवले. स्विचच्या सगळ्या पोर्टची सेटिंग, त्यावर कोणतं उपकरण आणि त्याचा पत्ता असा तक्ता छापून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलाय.

कमिशनिंगवाला

फार बरं वाटलं वाचून, विशेषतः केबल ओढून पाहिलीत ते. एकच विचारतो, पोर्ट ४ चं काय केलंत?

रात्रपाळी_मेंटेनन्स

तोही त्याच दिवशी ऑटोवर आणला, सर. महिनाअखेरीस त्यावर एनर्जी मीटर येणार आहे.